माइन : खाण, सुरुंग आणि माझे

इंग्रजीत 'माइन' हा एक चिमुकला शब्द आहे. रोमन लिपीत चार अक्षरे, तोंडात एकच ठोका. शाळेत तो आपल्याला दोनदा भेटतो. एकदा सर्वनामांच्या धड्यात, 'धिस बुक इज माइन', म्हणजे हे पुस्तक माझे आहे. आणि एकदा भूगोलात, जिथे माइन म्हणजे खाण. तिसरा अर्थ पुढे वर्तमानपत्रातून कळतो. लष्कराची गाडी रस्त्याने जाते आणि मातीखाली पेरलेली माइन फुटते. तिथे माइन म्हणजे सुरुंग.

एकाच शब्दाच्या पोटात माझे, खाण आणि सुरुंग. शब्दकोश करणाऱ्यांना यात काही विशेष वाटत नाही, ते एक, दोन, तीन असे आकडे घालून पुढच्या शब्दाकडे वळतात. डिचोली तालुक्यातल्या माणसाला मात्र इतक्या सहज पुढे जाता येत नाही. गेल्या शंभर वर्षांत त्याच्या गावात जे घडले ते या तीन अर्थांच्या फारसे बाहेर नाही. शेजारच्या पेडण्यात लोहखनिजाच्या मोठ्या खाणी नाहीत, पण 'माझे' म्हणायचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तिथेही तेवढाच जुना आहे.

आधी शब्दांचे कूळ पाहू. 'माझे' या अर्थाचा माइन हा अस्सल इंग्रजी घरातला. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार 'मीन' असा होता. आपले 'मी' आणि संस्कृतातले 'मम' यांच्याशी त्याचे फार दूरचे नाते लागते. खाण या अर्थाचा माइन मात्र पाहुणा. तो फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचांकडे तो त्याआधीच्या केल्टिक लोकांच्या बोलीतून आला, असे भाषापंडित मानतात. त्याचाही उच्चार तेव्हा 'मीन' असाच होता. पुढे काही शतकांत इंग्रजांचे स्वर बदलले, दीर्घ 'ई'चा 'आइ' झाला आणि दोन्ही शब्द हातात हात घालून 'माइन' झाले. रक्ताचे नाते नाही, पण आवाज एक. सुरुंग हा अर्थ खाणीतूनच निघाला. किल्ला पडत नसला की तटाखाली खाणीसारखे भुयार खणायचे, त्यात दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. आपल्याही भाषेत सुरुंग म्हणजे आधी भुयार, आणि मग त्यात ठासलेली दारू. हा सुरुंग शब्दसुद्धा मूळचा ग्रीक, संस्कृतात मुरून मराठीत आलेला.

गोव्यात या शब्दाला आणखी एक शेजारी मिळाला. पोर्तुगीज भाषेत खाणीला 'मिना' म्हणतात आणि 'माझी' याला 'मिन्या'. 'आ मिन्या मिना' म्हणजे माझी खाण. दोन शब्दांत फरक एका अनुनासिकाचा. पोर्तुगीज काळात ज्यांनी पणजीच्या सरकारदरबारी खाणींचे अर्ज केले, त्यांच्या कागदांत हे दोन शब्द किती वेळा शेजारी शेजारी बसले असतील!

आणि आपल्या बाजूला गंमत अशी की मराठीतली 'खाण' ही कोकणी कानाला खाण्याच्या पदार्थासारखी ऐकू येते. कोकणीत खाण म्हणजे फराळ, खाद्य. खाणीला तिथे 'खण'. डिचोली-साखळीच्या भागात माणसे साधे 'मायनिंग' म्हणतात. मराठी वर्तमानपत्रात 'खाण बंद' असा मथळा आला की कित्येक घरांत तो दोन्ही अर्थांनी खरा ठरला आहे.

आता इतिहासाकडे येऊ. डिचोली, पेडणे, सत्तरी हे तालुके 'नव्या काबिजादी'तले. तिसवाडी, बार्देस, सासष्टी पोर्तुगीजांकडे सोळाव्या शतकात गेले. आपला भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेला. सावंतवाडीकर भोसल्यांच्या सत्तेखालचा हा मुलूख. १७८८च्या सुमारास पेडणेही त्यांच्या हातून सुटले आणि उत्तरेची सीमा तेरेखोलपर्यंत गेली. दोनशेहून अधिक वर्षांचा हा फरक लहान नव्हे. इथे देवळे राहिली, मराठी पोथ्या राहिल्या, रीतिरिवाज पाळू देण्याचे वचन नव्या सत्तेला द्यावे लागले. जमिनीची व्यवस्थाही बरीचशी जुनीच राहिली. पेडण्यात मोकाशाने दिलेली गावे आणि देशप्रभूंसारखी मोठी घराणी होती. या घराण्याला पोर्तुगीजांनी 'व्हिस्कोंद' हा किताबही दिला. राजा बदलला, पण शेतात राबणाऱ्याच्या दृष्टीने भाटकार तोच राहिला. कसणारा कूळ होता, भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारा मुंडकार होता. आजोबाने लावलेल्या माडाला 'माझा' म्हणायची सोय दोघांनाही नव्हती. मुंडकाराला तर भाटकाराने 'ऊठ' म्हटले की चूल मोडून दुसरीकडे मांडावी लागे.

अशा मुलखात खाण आली. २० सप्टेंबर १९०६ रोजी पोर्तुगालने आपल्या वसाहतींसाठी खाणींचा हुकूमनामा काढला. त्यातले मुख्य तत्त्व असे की जमिनीचा मालक वेगळा आणि पोटातल्या खनिजाचा धनी वेगळा. खनिज सरकारचे. ते ज्याला सापडले त्याने रीतसर नोंद करायची, मग सरकार त्याला सवलत, म्हणजे 'कोन्सेसांव' देणार. आणि ही सवलत मुदतीची नव्हती. अटी पाळा, कर भरा, आणि पिढ्यान् पिढ्या चालू ठेवा. म्हणजे एकाच डोंगराचे दोन थर झाले. वरच्या थरावर कुळाचा नाचणा, गावकऱ्यांची गुरे, देवाची राई. खालच्या थरावर कोणा दुसऱ्याचे नाव. वरच्या माणसाला खालच्या नावाची खबर बहुधा पहिला यांत्रिक फावडा आला तेव्हाच लागली.

आरंभीची काही दशके हे सारे कागदावरच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. जपानला आपले पोलाद कारखाने उभे करायचे होते आणि त्याला लोहखनिज हवे होते. १९५१पासून जपानी कर्जाने यंत्रे येऊ लागली. आरंभी ज्या खाणींवर ती आली त्यांत शिरगावची खाण होती. मांडवीतून बार्जी मुरगाव बंदराकडे जाऊ लागल्या. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला तेव्हा खनिजाची निर्यात हाच या प्रदेशाचा मोठा व्यवसाय होऊन बसला होता. डोक्यावर टोपली घेऊन खनिज वाहणाऱ्या बायका आणि पुढे ट्रक घेतलेले त्यांचे मुलगे, हा डिचोलीच्या किती तरी घरांचा दोन पिढ्यांचा इतिहास आहे. तो कुचेष्टेने सांगण्यासारखा नाही. भाटकाराच्या अंगणात हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाला पहिली रोख मजुरी खाणीने दिली.

मुक्तीनंतर 'माझे' या शब्दाची फेरवाटणी सुरू झाली. २० डिसेंबर १९६३ला दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते स्वतः खाणमालक, पण त्यांचा पक्ष कुळांचा आणि मुंडकारांचा. १९६४ साली कूळ कायदा आला. १९७५ला मुंडकार कायदा आला. त्याने मुंडकाराला हुसकावण्यापासून संरक्षण दिले आणि घर व त्याखालची जागा, पंचायत क्षेत्रात तीनशे चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क दिला. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि २० एप्रिल १९७६ हा दिवस 'कसेल त्याची जमीन' असा ठरला. कागदोपत्री त्या दिवशी कूळ मालक झाला.

कागदोपत्री हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण माझे आयुष्य कागदांतच गेले आहे. सर्व्हेनंतर आपल्याकडे एक-चौदाचा उतारा आला. त्यात एक रकाना कब्जेदाराचा, एक कुळाचा, एक इतर हक्कांचा. सरकारी कचेरीत बसणाऱ्याला हा उतारा घेऊन आलेली म्हातारी माणसे ठाऊक असतात. उतारा इंग्रजीत. ती तो उलटा-सुलटा धरतात आणि एकच विचारतात, 'यात माझे नाव कुठे आहे?' बऱ्याचदा ते कुळाच्या रकान्यात असते. कधी इतर हक्कांत, 'घर' एवढाच शेरा मारून. कधी कुठेच नसते. आणि ज्या खनिजासाठी त्या जमिनीवर ट्रक उभे राहिले, त्याचा तर या उताऱ्यात रकानाच नाही. खालचा थर वेगळ्या खात्यात, वेगळ्या फायलीत.

त्या फायलीचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. भारताचा १९५७चा खाण व खनिज कायदा १ ऑक्टोबर १९६३पासून गोव्यात लागू झाला. या कायद्यात कायमची सवलत नावाची गोष्टच नाही, ठराविक मुदतीचा पट्टा आहे. मग पोर्तुगीजांनी दिलेल्या बेमुदत सवलतींचे काय? खाणमालकांचे म्हणणे, ही आमची मालमत्ता. सरकारचे म्हणणे, हे पट्टे. हा वाद वीस वर्षे चालला. १९७५ला सवलतींना पट्टे ठरवण्याचा जो प्रयत्न झाला तो न्यायालयात टिकला नाही. अखेर संसदेने १९८७ साली खास गोव्यासाठी कायदा करून सवलती रद्द केल्या, त्यांचे पट्टे केले, आणि हे सारे २० डिसेंबर १९६१पासून अमलात आले असे जाहीर केले. मुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून! पोर्तुगीज 'मिन्या'तून खाण मोकळी करायला आपल्याला पंचवीस वर्षे लागली.

तरी प्रत्यक्षात फार बदल झाला नाही. नव्या शतकात चीनची मागणी वाढली तशी पूर्वी टाकून दिलेले कमी प्रतीचे खनिजही विकले जाऊ लागले. २०१०-११च्या सुमारास वर्षाची निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. शिरगाव, लामगाव, मये, मुळगाव, पाळी, वेळगे या पट्ट्यात ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना धुळीचा रंग सांगायला नको. शिरगावात खड्डे इतके खोल गेले की गावच्या विहिरींचे पाणी खाली उतरले, आणि लईराईच्या गावचे हे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. इथे तिसरा अर्थ आठवतो. तटाखाली भुयार खणले की तट आधी उभाच दिसतो. पोखरण आत चाललेली असते. विहीर आटणे हा तसाच प्रकार आहे. स्फोटाचा आवाज होत नाही, पण खालचा आधार गेलेला असतो.

स्फोट झाला तो २०१२ साली. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबरात संसदेसमोर आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४च्या निकालात न्यायालयाने सांगितले की गोव्यातल्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७लाच संपली होती, आणि त्यानंतर काढलेले खनिज बेकायदा होते. वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली गेली. त्यानंतर राज्याने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. तेही ७ फेब्रुवारी २०१८ला रद्द झाले आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या.

त्या काळात डिचोलीत एकाच घरात दोन मते असायची. एका भावाचा ट्रक दारात गंजत होता, बँकेचा हप्ता थकला होता. तो म्हणत होता, खाण माझी भाकरी आहे. दुसऱ्या भावाच्या शेतात वर्षानुवर्षे खाणीचा गाळ येत होता. तो म्हणत होता, शेत माझे आहे. दोघेही खरेच बोलत होते. दोघांच्याही तोंडी 'माझे' होते, आणि फायलीत दोघांचेही नाव नव्हते.

'माझे' म्हणण्याचा अधिकार नसणे म्हणजे काय, हे मयेकरांना विचारावे. मये गावातली बरीचशी जमीन एका पोर्तुगीज किताबधारी घराण्याची, मयेच्या 'कोंद'ची. १९६१ला धनी निघून गेले. जमीन निर्वासितांची मालमत्ता ठरली आणि १९६४च्या कायद्याने सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात आली. गोवा मुक्त झाला, पण मयेचे लोक ज्या घरात जन्मले ते घर कागदावर देशाबाहेर गेलेल्या माणसाचेच राहिले. पिढ्या गेल्या, आंदोलने झाली. २०१४ साली राज्याने कायदा करून असे जुने मालकी हक्क आणि देणग्या रद्द केल्या, आणि त्यानंतर सनदा देण्याचे काम सुरू झाले. त्याच मयेच्या बाजूने खनिजाचा पट्टा जातो. वर परका धनी, खाली परका धनी, आणि मध्ये गावकरी.

पेडण्याची गोष्ट खाणीची नाही, पण जातकुळी तीच. मोपच्या सड्यावर विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ला त्याचे उद्घाटन झाले. पेडण्याच्या पोरांना त्यात नोकरीची आशा होती आणि आहे. पण भूसंपादनाच्या वेळी सड्यावर काजू लावणाऱ्याला, गुरे चारणाऱ्या धनगराला पहिला प्रश्न पडला तो तोच, उताऱ्यात माझे नाव आहे का? ज्याचे नाव, त्याला मोबदला. सडा वापरणारे अनेक होते, नावे थोडी होती. किनाऱ्याच्या बाजूला मोरजी, मांद्रे, हरमलात आज जमिनीला सोन्याचा भाव आहे. तिथे कुळाचे आणि मुंडकाराचे हक्क कोर्टाच्या तारखांत अडकले आहेत.

इतके झाल्यावर पुन्हा शब्दाकडे. इंग्रजीत 'माइन' नसेल तर 'अवर्स' आहे. पण त्या 'अवर्स'मध्ये समोरचा माणूस धरला आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. मराठीने इथे एक सुंदर भेद राखला आहे. 'आमचे' म्हटले की तुम्ही बाहेर. 'आपले' म्हटले की तुम्ही आत. 'आमची खाण' हे खाणमालक म्हणू शकतो, ट्रकवाल्यांची संघटना म्हणू शकते. 'आपला डोंगर' असे म्हणताना मात्र ऐकणाऱ्यालाही त्यात घ्यावे लागते.

पूर्वी गावकरी नावाची जी व्यवस्था होती, तिच्यात या 'आपले'ला कायद्याचा आधार होता. जमीन गावाची, तळी गावाची, बांध गावाने बांधायचा. ती व्यवस्था निर्दोष नव्हती. तिच्या 'आपले'मध्ये गावचे सगळेच नव्हते, मूळ घराण्यांचे पुरुषच गावकार होते. पण 'माझे' आणि 'सरकारचे' यांच्या मधली एक जागा तिथे होती. पोर्तुगीजांच्या १९०६च्या हुकूमनाम्याने खनिज सरकारचे केले आणि सरकारने ते 'मिन्या' म्हणायला एकेकाला देऊन टाकले. मधली जागा गेली. आपण पुढे कायदे बदलले, पण त्यांतही ही जागा भरली नाही.

ती थोडीशी भरण्याचा एक प्रयत्न २०१४च्या निकालात दिसतो. विकलेल्या खनिजाच्या रकमेतला दहा टक्के भाग एका कायम निधीत ठेवावा, असे न्यायालयाने सांगितले. कारण खनिज एकदा गेले की परत येत नाही, आणि अजून न जन्मलेल्या मुलांचाही त्यात वाटा आहे. हा 'आपले'चा फार मोठा अर्थ झाला. पणतूसुद्धा त्या शब्दात बसला.

आता नवी पाने उघडली आहेत. डिसेंबर २०२२मध्ये राज्याने पहिल्यांदा खाणींच्या ब्लॉकचे लिलाव केले. पहिल्या चार ब्लॉकपैकी तीन डिचोली तालुक्यातले. डिचोली ब्लॉकमधून २०२४ साली खनिज पुन्हा बाहेर पडू लागले. २०२३मध्ये त्याची जनसुनावणी झाली तेव्हा मुळगाव-शिरगावच्या लोकांचा आग्रह एकाच गोष्टीचा होता. आमची घरे, देवळे, तळी ब्लॉकच्या रेषेबाहेर काढा. नकाशावर रेषा ओढताना वरच्या थरावर कोण राहते हे पुन्हा कोणी पाहिले नव्हते. खाण हवी की नको यावर त्या गावांतही एकमत नाही. घर रेषेत नको, यावर आहे.

हे लिहिताना माझी कोणावर टीका करण्याची इच्छा नाही. खाणीवर घर चालवलेली माणसे माझ्या नात्यात आहेत आणि शेत बुडालेली माणसेही आहेत. माझे म्हणणे कारकुनी आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर जसा कुळाचा रकाना आला, तसा जमिनीखाली कोणाचा पट्टा आहे, किती वर्षांचा आहे, त्यातून काय मिळाले आणि कुठे गेले, याचाही रकाना यावा. तो मराठी-कोकणीत असावा, म्हणजे उलटा-सुलटा धरावा लागणार नाही. 'आपले' हा शब्द भाषणात फार सोपा आहे. तो कागदावर उतरला तरच खरा.